शत्रूचे शत्रू : कोबीच्या पानावरची लढाई

(तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन)

मेसमध्ये जेवून कोबीला नावं न ठेवणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचाय! सोमवारी कोबी, बुधवारी कोबी-वाटाणा आणि शनिवारी 'मिक्स व्हेज', म्हणजे पुन्हा कोबीच. पण हा कोबी ताटात येईपर्यंत काय काय सोसून येतो, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात? मी घनसावंगी तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. त्यामुळे मला कोबी दिसला की आधी आठवतो तो बोटाच्या नखावर मावेल एवढा एक पतंग. त्याची आणि त्याच्या शत्रूंची ही गोष्ट. कंट्रोल सिस्टिमचा पेपर देणाऱ्यांनी तर जरूर वाचावी, कारण यात फीडबॅक आहे, डिले आहे आणि सिस्टिम कशी बिघडते तेही आहे.

घनसावंगी म्हटलं की लोकांना मोसंबी, कापूस, ऊस आठवतो. भाविकांना जांब समर्थ आठवतं, रामदास स्वामींचं जन्मगाव. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी या भागातून जातं. ज्याच्याकडे विहीर, बोअर किंवा कालव्याचं पाणी आहे तो रब्बीत थोडं माळवं करतोच. अर्धा एकर पत्ताकोबी, दहा गुंठे फ्लॉवर, बांधाला मेथी-कोथिंबीर. कापसाचे पैसे एकदाच येतात, माळव्याचे आठवड्याला हातात पडतात. घरातलं किराणा, पोरांची फी आणि हॉस्टेलचं डिपॉझिट यातूनच निघतं. म्हणून कोबीच्या पानाला भोकं पडली की ती थेट घरखर्चाला पडतात.

माझे चुलते अण्णा दरवर्षी कोबी लावतात. एका वर्षी सुट्टीत गेलो तर अर्ध्या एकरातली पानं चाळणीसारखी झालेली. मी विचारलं, "अण्णा, काय मारलं यावर?"

"काय मारलं नाही ते इचार," अण्णा म्हणाले. "आठ दिवसाला पंप पाठीवर हाय. दुकानदार म्हणला दोन औषधं मिसळून मारा, तेबी केलं. आळी मरंना अन् खर्च थांबंना."

औषध मारूनही अळी का मरत नाही? मला हा प्रश्न एखाद्या बिघडलेल्या सर्किटसारखा वाटला. इनपुट वाढतोय, आउटपुट मात्र नाही. मग लायब्ररीत आणि कृषी विज्ञान केंद्राच्या पुस्तिकांमध्ये जे शोधलं, ते इथे सांगतो.

हा पतंग कोण?

कोबीवरच्या या किडीला कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत 'चौकोनी ठिपक्यांचा पतंग' म्हणतात. शास्त्रीय नाव प्लुटेला झायलोस्टेला. इंग्रजीत त्याला डायमंडबॅक मॉथ म्हणतात, कारण तो पंख मिटून बसला की पाठीवर एकापुढे एक असे फिकट रंगाचे तीन चौकोन दिसतात, पत्त्यातल्या चौकटसारखे. लांबी जेमतेम ८-९ मिलिमीटर, रंग करडा-तपकिरी. दिवसा पानाखाली दडतो, संध्याकाळ झाली की उडतो.

मादी पानावर बारीक पिवळसर अंडी एकेकटी किंवा दोन-चारच्या गटात घालते. एक मादी साधारण दीडशे ते दोनशे अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला पानाच्या आत शिरून खाते. थोडी मोठी झाली की बाहेर येऊन पानाचा खालचा भाग खरवडते, पण वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. त्यामुळे पानाला जणू काचेच्या खिडक्या बसवल्यासारखं दिसतं. पुढे तो पापुद्रा फाटतो आणि चाळणी तयार होते. अळी हिरवी आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. तिला बोट लावून बघा! ती तडफडत मागे मागे सरकते आणि रेशमाच्या धाग्याला लटकून खाली उतरते. धोका टळला की त्याच धाग्याने परत वर. शेवटी पानावरच जाळीदार कोष करून त्यात ती राहते.

अंडं ते पतंग हा सगळा प्रवास उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत संपतो. म्हणजे आपल्या एका सेमिस्टरमध्ये याच्या पाच-सहा पिढ्या! उष्ण प्रदेशात वर्षाला वीसपर्यंत पिढ्या होऊ शकतात. पतंग दिसायला नाजूक असला तरी वाऱ्यावर बसून समुद्रही ओलांडतो. २०१६ साली ब्रिटनमध्ये यांचे प्रचंड थवे समुद्रापलीकडून येऊन उतरले होते.

कोबीचा बॉम्ब आणि तो निकामी करणारी अळी

कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी ही सगळी एकाच कुळातली भावंडं. मोहरी चावली की नाकात झणका जातो, तो या कुळाचा बचाव. पानाच्या पेशीत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं एका ठिकाणी आणि त्यांना फोडणारं विकर दुसऱ्या ठिकाणी ठेवलेलं असतं. किड्याने पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि झणझणीत विषारी तेल तयार होतं. शास्त्रज्ञ याला 'मोहरीच्या तेलाचा बॉम्ब'च म्हणतात. बहुतेक किडे इथेच माघार घेतात.

आपला पतंग मात्र वेगळा. त्याच्या अळीच्या आतड्यात असं एक विकर असतं, जे ग्लुकोसिनोलेटचा एक तुकडा आधीच तोडून टाकतं. फ्यूजच काढून घेतल्यावर बॉम्ब फुटणार कसा? हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं. वर गंमत म्हणजे ज्या वासाने इतर किडे पळतात, त्याच वासाचा माग काढत मादी अंडी घालायला येते!

तात्पर्य काय, तर विष पचवणं हा या किड्याचा पिढीजात धंदा आहे. वनस्पतीचं विष पचवणाऱ्याला कारखान्यातलं विष पचवायला किती वेळ लागणार?

औषधांची हार

फार वेळ लागला नाही. डीडीटी हे दुसऱ्या महायुद्धानंतर चमत्कार मानलं जात होतं. १९५३ साली इंडोनेशियातल्या जावा बेटावर या पतंगाने डीडीटीला दाद देणं बंद केल्याची नोंद झाली. पिकावरच्या किडीत डीडीटीविरुद्ध प्रतिकार दिसल्याची ही जगातली पहिली नोंद मानतात. भारतात या किडीची नोंद १९१४ सालची आहे, आणि १९६८ साली पंजाबमधल्या लुधियान्याहून डीडीटी व पॅराथिऑन चालत नसल्याचं कळलं. त्यानंतर औषधांची एकेक पिढी आली आणि एकेक पिढी निकामी झाली.

मग आलं बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. त्याचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं आणि आतड्याला भोकं पाडतं. माणसाला, मधमाशीला त्रास नाही. वाटलं, आता जिंकलो! पण १९९० साली हवाई बेटांवरून बातमी आली की बीटीची फवारणी सहन करणारे पतंग शेतात तयार झाले आहेत. उघड्या शेतात बीटीला पुरून उरलेला हा जगातला पहिला किडा. आजच्या काळातलं क्लोरँट्रानिलीप्रोल हे औषधही बाजारात आल्यावर काही वर्षांतच फिलिपिन्स आणि थायलंडमध्ये निष्प्रभ ठरू लागलं.

जालना जिल्ह्यातल्या मुलांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. बीटी कापूस २००२ साली आला. आधी बोंडअळी गेली म्हणून सगळे खूश झाले, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राचा कापूस पोखरला. किडा वेगळा, पण धडा तोच.

यात जादू काही नाही, निवड आहे. लाखो अळ्यांत दोन-चार जन्मतःच अशा असतात की त्यांना औषध पुरतं लागत नाही. फवारणीने बाकीच्या मरतात, या उरतात. पुढची पिढी यांचीच. पुन्हा तेच औषध मारलं की पुन्हा तेच. दर आठ दिवसांनी आपण परीक्षा घेतो आणि पास झालेल्यांनाच पुढच्या वर्गात बसवतो. दहा परीक्षांनंतर वर्गात कोण उरणार, सांगा!

आता शत्रूचे शत्रू

पण मला सर्वात जास्त आवडलेला भाग पुढेच आहे. औषधं निघण्याआधीही कोबी होता आणि हा पतंगही होता. मग तेव्हा सगळा कोबी संपला कसा नाही? कारण पतंगालाही खाणारे आहेत.

पहिला मान कोटेशिया व्हेस्टॅलिस या चिमुकल्या गांधीलमाशीला. जुन्या पुस्तकांत तिचं नाव कोटेशिया प्लुटेली असं सापडेल. ती काळी आणि जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते, आणि माणसाला डंख करत नाही. ती अळीला शोधते कशी? अळीने पान कुरतडलं की पानातून विशिष्ट वास सुटतो. त्या वासावर ही माशी येते. जणू कोबीच फोन करून पोलिसांना बोलावतो! मग ती अळीच्या अंगात सुईसारख्या नळीने एक अंडं घालते. अळीची प्रतिकारशक्ती ते अंडं मारून टाकेल ना? त्याचाही बंदोबस्त तिच्याकडे आहे. अंड्याबरोबर ती विषाणूसारखे कण अळीत सोडते, आणि त्यांचा आराखडा या माशीच्या स्वतःच्याच जनुकांत लिहिलेला असतो. हे कण अळीची प्रतिकारयंत्रणा बंद पाडतात. सिस्टिममध्ये घुसून आधी अँटिव्हायरस बंद करण्यासारखाच हा प्रकार! मग माशीचं पिल्लू अळीला आतून खात वाढतं, बाहेर पडतं आणि शेजारीच तांदळाच्या बारीक कणीएवढा पांढरा, घट्ट कोष विणतं. अळी मरते.

दुसरी डायडेग्मा सेमिक्लॉसम. हिला थंड हवा लागते. १९३० च्या दशकात ती इंग्लंडहून न्यूझीलंडला नेली, तिथून १९५० च्या सुमारास इंडोनेशियाच्या डोंगराळ भागात, पुढे मलेशियाच्या कॅमेरॉन हायलँड्सला. आपल्याकडे ती निलगिरीत आणली गेली. थंड डोंगरांत तिने चांगलं काम केलं, पण आपल्या मराठवाड्याच्या उन्हात तिचा टिकाव लागत नाही. इथे कोटेशियाच खरी. कोणतंही यंत्र बसवताना ऑपरेटिंग टेंपरेचर बघावं लागतं, तसंच हे!

याशिवाय उमायझस सोकोलोव्स्कीआय ही माशी अळीत शिरते आणि कोषातून बाहेर येते, तर डायड्रोमस कोलॅरिस थेट कोषावर हल्ला करते. ट्रायकोग्रामा जातीच्या माश्या तर अंड्यातच अंडं घालतात. कोळी, क्रायसोपाचे किडे, मुंग्या, चिमण्या हे सगळे मिळेल ती अळी खातात. बिव्हेरियासारख्या बुरशीने अळी आजारी पडून मरते. आणि हो, पाऊस! जोराच्या सरीने लहान अळ्या पानावरून धुऊन जातात. म्हणून पावसाळ्यात ही कीड कमी आणि कोरड्या दिवसांत जास्त.

जरा गणित करू

आता वही काढा. आकडे मी समजण्यासाठी सोपे घेतले आहेत.

एका मादीची १५० अंडी. पाऊस, रोग, उपासमार यात बरीच जातात, समजा २० उरली. या वीसपैकी दहात नऊ मित्रकीटकांनी संपवली, तर उरले २, एक नर आणि एक मादी. म्हणजे एका मादीमागे पुढच्या पिढीत एकच मादी. गेन बरोबर १. संख्या जागच्या जागी.

आता एक जालीम औषध मारलं. त्याने दहात नऊ अळ्या मारल्या आणि मित्रकीटक सगळेच मारले. उरले किती? तेच २! शेतकरी म्हणतो, औषध चाललं. खरं तर जे काम फुकटात होत होतं तेच त्याने विकत घेतलं.

पुढच्या वर्षी प्रतिकारशक्ती आली. आता औषधाने दहात पाचच मरतात आणि मित्रकीटक तर आधीच गेलेले. वीसपैकी १० उरले, म्हणजे ५ माद्या. गेन ५. लागवडीपासून काढणीपर्यंत तीन पिढ्या धरल्या तर ५ × ५ × ५ = १२५ पट! अण्णांच्या शेतात हेच झालं होतं. फुकटचं काम बंद पडलं आणि विकतचंही.

मग फवारणी थांबवली की दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत होईल का? नाही. इथे डिले आहे. मित्रकीटक वाढायला आधी अळ्या लागतात. त्यामुळे अळीचा आलेख आधी चढतो, माशीचा मागून. मधले दोन-तीन आठवडे शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. नेमकं त्याच वेळी घाबरून जालीम औषध मारलं की माशी पुन्हा शून्यावर. कॅमेरॉन हायलँड्समध्ये डायडेग्मा सत्तरच्या दशकातच पोहोचली होती, पण तिचं काम दिसायला लागलं ते शेतकऱ्यांनी सगळंच मारणारी औषधं कमी करून बीटीकडे वळल्यावर.

करायचं काय?

उपाय कोणताही एक नाही, चार-पाच एकत्र लावावे लागतात.

मोहरीचा सापळा : बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने १९९० च्या सुमारास ही पद्धत बसवली. कोबीच्या दर २५ ओळींच्या दोन्ही कडांना मोहरीची एकेक ओळ. पैकी एक ओळ कोबीच्या लागवडीआधी १५ दिवस पेरायची आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी, म्हणजे हंगामभर मोहरी कोवळी राहते. पतंग कोबी सोडून मोहरीवर अंडी घालतो. मोहरीच्या फुलांवर मित्रमाश्यांना मधही मिळतो.

निंबोळी अर्क : उन्हाळ्यात जमवलेल्या ५ किलो निंबोळ्यांची भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. वेगळ्या एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा भिजवायचा. सकाळी फडक्याने गाळून दोन्ही एकत्र करून १०० लिटर पाणी करायचं. हा ५ टक्के अर्क. अळीचं खाणं आणि वाढ यावर परिणाम होतो, मित्रकीटकांना त्रास कमी.

संध्याकाळचं तुषार सिंचन : पतंगांचं मीलन संध्याकाळी होतं. त्या वेळी स्प्रिंकलर चालवला तर ते बिघडतं आणि लहान अळ्याही धुऊन जातात. तैवानमध्ये यावर काम झालं आहे.

कामगंध सापळे : मादीच्या वासाची गोळी लावून नर पकडायचे. किती सापडले यावरून कीड वाढतेय की नाही ते कळतं. हा आपला सेन्सर!

आणि फवारणी करायचीच झाली तर पाने मोजून, कृषी विज्ञान केंद्राला विचारून, औषधाचा गट बदलत करायची. आमच्या जिल्ह्याचं केंद्र खरपुडीला आहे. कॅलेंडर बघून फवारणी नको, आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन औषधांची मिसळ तर नकोच.

अण्णांनी हे सगळं एकदम केलं नाही. "मोहरी लावू म्हणतोस, तिचा भाव काय मला कोबीवाणी येतो का?" असा पहिला प्रश्न. तरी एका हंगामात त्यांनी कडेला मोहरी टाकली आणि निंबोळी अर्क मारला. फवारणी पूर्ण बंद झाली नाही, पण आठ दिवसांचा पंप महिन्यातून एक-दोनदा झाला. पानांना भोकं होती, गड्डे मात्र भरले. एकदा पानामागे पांढरा कोष दिसला तर काकू म्हणाल्या, "हे किडीचं अंडं, चिरडा." मी थांबवलं. पतंगाचा कोष जाळीदार असतो, आत बघता येतं. माशीचा कोष घट्ट पांढरा. एवढा फरक ओळखता आला तरी निम्मं काम झालं.

आपला संबंध काय?

तुम्ही म्हणाल, आम्ही काय शेती करणार आहोत? पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधेने वीसच्या वर माणसं दगावली. औषध मरेनासं झालं की मात्रा वाढते, मिसळ वाढते, आणि ते आधी फवारणाऱ्याच्या अंगावर पडतं. मग उरलेलं आपल्या ताटात येतं. बाजारात भोक पडलेला गड्डा कोणी घेत नाही, आडत्या भाव पाडतो. म्हणून शेतकरी काढणीच्या तोंडावरही फवारतो. ती फवारणी आपल्या 'स्वच्छ दिसणाऱ्या' कोबीच्या हट्टापायी होते.

म्हणून मेसच्या मामांना एक विनंती : वरची दोन-तीन पानं काढून टाका, कोबी सुटा करून वाहत्या पाण्यात धुवा, आणि बाहेरच्या पानाला चार भोकं दिसली म्हणून गड्डा परत करू नका. भोकाने कोणी आजारी पडत नाही.

आणि फायनल इयरवाल्यांना एक प्रोजेक्ट सुचवतो. कामगंध सापळ्यात एक स्वस्त कॅमेरा बसवायचा, रोज रात्री किती पतंग पडले ते मोजायचं आणि सकाळी शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत मेसेज पाठवायचा : 'आज फवारणीची गरज नाही.' हे एक वाक्य वेळेवर मिळालं तर एका शेतकऱ्याचा एका पंपाचा खर्च वाचेल आणि काही हजार माश्या कामावर राहतील. कोणाला जमवायचं असेल तर मला भेटा, घनसावंगीत प्रयोगाला अर्धा एकर कोबी तयार आहे. अण्णांना मी विचारून ठेवलंय.